निवृत्तीनंतरचा हिवाळा कॅराव्हॅनमध्ये : ऑस्ट्रेलियातील नवोदितांसाठी

मेलबर्नमध्ये जून लागला, की सकाळी साडेसातपर्यंत सूर्य दिसत नाही, दुपारचा पारा १४-१५ अंशांच्या पुढे सरकत नाही आणि गुडघे आपले वय सांगू लागतात. त्याच दिवसांत डार्विनला मात्र दुपारी ३०-३१ अंश तापमान, निरभ्र आकाश आणि कोरडी हवा असते. एवढ्या एका फरकापायी दरवर्षी मे ते सप्टेंबर या काळात दक्षिणेकडच्या राज्यांतील निवृत्त मंडळी गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून मोठ्या संख्येने उत्तरेला निघतात. इथे त्यांना 'ग्रे नोमॅड', म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे म्हणतात. आम्ही उभयता गेले सात हिवाळे त्यांच्यात आहोत. नोकरीनिमित्त येऊन येथेच स्थायिक झालेली आमच्या पिढीतील मराठी मंडळी आता एकेक करून निवृत्त होत आहेत आणि त्यांच्यापैकी जो कोणी या वाटेला लागू पाहतो, त्याचा पहिला प्रश्न 'कोणती कॅराव्हॅन घेऊ?' असा असतो. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न किलोमीटरचा आणि दुसरा किलोंचा. ती दोन उत्तरे आधी मिळवली, तर तिसरे बरेचसे आपोआप मिळते.

आधी किलोमीटर ठरवावेत

मेलबर्नहून ॲडलेड सुमारे ७३० किलोमीटर, तेथून पोर्ट ऑगस्टा ३१० आणि मग स्टुअर्ट हायवेने सरळ उत्तरेला कूबर पेडी, ॲलिस स्प्रिंग्स, टेनंट क्रीक, कॅथरीन करत डार्विन, असा एका बाजूचा प्रवास साधारण ३,७५० किलोमीटर भरतो. नोकरीत असताना सुट्टीचे दिवस मोजण्याची जी सवय लागलेली असते, तिच्यामुळे नवा माणूस रोज ६०० किलोमीटर मारून आठवड्यात डार्विन गाठण्याचा बेत करतो आणि तेथे पोहोचल्यावर चार दिवस नुसता झोपून काढतो. आमचा नियम दिवसाला २५० ते ३०० किलोमीटर आणि दुपारी तीनच्या आत मुक्काम, असा आहे. लागोपाठ दोन दिवस चालल्यावर एक दिवस विसावा घेतला, तर जाण्यास तीन आठवडे लागतात. यायलाही तेवढेच धरावेत, उत्तरेत महिनाभर राहावे, म्हणजे सगळा मिळून अडीच महिन्यांचा हिशेब होतो.

उत्तरेतील कोरडा ऋतू मे ते ऑक्टोबर असतो. नोव्हेंबरनंतर पाऊस, पूर आणि घामाघूम करणारी दमट हवा सुरू होते. अगदी आरंभी गेल्यास गर्दी कमी असते आणि धबधब्यांना पाणी भरपूर असते, परंतु काही रस्ते अद्याप उघडलेले नसतात. जूनअखेर ते जुलैमध्यापर्यंत शाळांना सुट्ट्या असल्याने डार्विन, ब्रूम, कॅथरीन येथील जागा कित्येक महिने आधी भरतात. त्या दोन-तीन आठवड्यांची मुक्कामाची नोंदणी तेवढी आधी करून ठेवावी आणि बाकीचे दिवस मोकळे सोडावेत. एक मात्र विसरू नये. वाटेतल्या वाळवंटात हिवाळा असतोच, आणि चांगला बोचरा असतो. ॲलिस स्प्रिंग्सला जुलैत दिवसा २० अंश असले, तरी पहाटे सरासरीच ४ अंशांची असते. काही पहाटे पारा शून्याखाली जातो आणि नळीतले पाणी गोठते. त्यामुळे 'उन्हात चाललो आहोत' म्हणून स्वेटर घरी ठेवू नयेत.

मग किलोंचा हिशेब

या विषयावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण नव्या माणसाची सर्वांत महागडी चूक इथेच होते.

कॅराव्हॅनच्या पुढच्या भागात एक धातूची पट्टी असते आणि तिच्यावर काही आकडे कोरलेले असतात. त्यातील 'टेअर' म्हणजे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या कॅराव्हॅनचे वजन. 'एटीएम' म्हणजे पैसे देणारे यंत्र नव्हे. सामानसुमान, पाणी आणि गॅस भरल्यावर कॅराव्हॅनचे एकूण वजन जास्तीत जास्त किती असू शकते, ती कायदेशीर मर्यादा होय. एटीएममधून टेअर वजा केले, की तुमच्या वाट्याला किती किलो आले ते कळते. समजा, टेअर २,०५० आणि एटीएम २,५०० किलो आहे. वाट्याला आले ४५०. त्यात ९० लिटरच्या दोन टाक्यांतील पाणीच १८० किलो असते. ९ किलोचे दोन भरलेले गॅस सिलिंडर, लोखंड धरून, ३६ किलोंच्या आसपास. मागाहून बसवलेली सौरपट्टी, जादा बॅटरी आणि बाहेर ताणायचा कापडी मंडप यांचे ८० किलो सहज होतात. उरले १५० किलोंच्या आसपास, आणि तेवढ्यात दोन माणसांचे कपडे, अंथरूण, भांडी, शिधा, घडीच्या खुर्च्या, हत्यारे आणि औषधे बसवायची असतात. आमच्या पहिल्या प्रवासात बिडाचा तवा, दगडी खलबत्ता आणि दहा किलोंची तांदळाची गोणी होती. सार्वजनिक वजनकाट्यावर आम्ही ११० किलोंनी जास्त भरलो आणि खलबत्ता मुकाट्याने गराजमध्ये परत गेला.

दुसरा आकडा ओढणाऱ्या गाडीचा. जाहिरातीत '३,५०० किलो ओढते' असे मोठ्या अक्षरांत असते. जीसीएम, म्हणजे गाडी आणि कॅराव्हॅन मिळून चालणारे कमाल वजन, हा आकडा मात्र पुस्तिकेत शोधावा लागतो. तो ५,८५० असेल, तर ३,५०० किलोंची कॅराव्हॅन जोडल्यावर गाडीच्या वाट्याला २,३५० उरतात, आणि अशा गाडीचे स्वतःचे वजनच जवळपास तेवढे असते. म्हणजे तुम्ही दोघे, डिझेल आणि डब्यातील लाडू यांच्यासाठी जागाच राहत नाही. मर्यादेपेक्षा जास्त वजन असताना अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, हेही ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट वजनाच्या मांडणीची. गावाकडे बैलगाडी भरताना ती उलाळ होऊ नये, म्हणजे मागे जड होऊन बैलांच्या मानेवरचे जू वर उचलले जाऊ नये, आणि धुरजड होऊन बैलांच्या खांद्यावर पडू नये, याची काळजी घेत. इथेही नियम तोच. कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार जोडाच्या गोळ्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर कॅराव्हॅन अडकवतात त्यावर, यावा. २,५०० किलोंना २५० किलो. जड वस्तू चाकांच्या आसाजवळ, तळाशी ठेवाव्यात, हलक्या वस्तू वरच्या कपाटांत, आणि मागच्या टोकाला सायकली किंवा हत्यारांची पेटी टांगण्याचा मोह टाळावा. मागे जड झालेली कॅराव्हॅन ९०-१०० च्या वेगाला शेपूट हलवू लागते. असे झाल्यास गाडीचा ब्रेक जोराने दाबू नये, वळणाने झटापट करू नये. चाक सरळ धरून वेग ओसरू द्यावा आणि कॅराव्हॅनचे विद्युत ब्रेक चालकाजवळच्या नियंत्रकावरून हाताने हलकेच लावावेत. गोळ्यावरचा तो २५० किलो भार गाडीच्या स्वतःच्या वजनमर्यादेतही धरला जातो. ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही.

विकत घेण्यापूर्वी

एक आठवडा भाड्याने घेऊन पाहावी, आणि तीही हिवाळ्यात. अठरा-एकोणीस फुटांच्या पेटीत दोन माणसे चार पावसाळी दिवस कशी राहतात, हे ज्याचे त्यालाच कळते. आडवा पलंग मिळाला, की भिंतीकडच्या माणसाला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडावे लागते, ही अडचण कागदी नकाशात दिसत नाही. साठीनंतर तिचा अर्थ फार लवकर समजतो.

जुनी घेत असल्यास आधी नाकाचा उपयोग करावा. कुबट वास आला, की कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे. कपाटांच्या आतले कोपरे, खिडक्यांखालच्या पट्ट्या आणि छतावरच्या झडपेभोवतीचा भाग बोटांनी दाबून पाहावा. मऊ लागला तर स्वस्तातला सौदाही सोडून द्यावा. टायरची नक्षी चांगली दिसली, तरी बाजूवर छापलेले निर्मितीचे वर्ष वाचावे, कारण कॅराव्हॅनचे टायर झिजण्याआधी उभ्या उभ्या म्हातारे होतात.

'येऊ द्या, येऊ द्या'

कॅराव्हॅन पुढे नेणे कोणालाही जमते. परीक्षा मागे घेताना असते. रिकामे मैदान गाठून दोन सकाळी केवळ हाच सराव करावा. उजवा हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा आणि कॅराव्हॅनचे मागचे टोक ज्या बाजूला न्यायचे आहे, त्या बाजूला हात सरकवावा. वळणे लहान आणि वेग मुंगीचा असावा. बिघडले, तर पुढे जाऊन सरळ करून पुन्हा आरंभ करावा. त्यात कमीपणा नाही.

मागे उभे राहून दिशा देणाऱ्यासाठी एकच नियम आहे. चालकाला आरशात तो दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला, की चालकाने थांबायचे. 'येऊ द्या, येऊ द्या' हे आपल्याकडचे पारंपरिक मार्गदर्शन वळणदार जागेत अपुरे पडते, कारण त्यात डावे-उजवे नसते आणि 'बस' हा शब्द बहुधा झाडाला लागल्यावर येतो. हातात धरायचे दोन छोटे रेडिओ घ्यावेत आणि 'तुमच्या बाजूला', 'माझ्या बाजूला' असे दोनच शब्दप्रयोग ठरवावेत. शेजारची मंडळी खुर्च्या घेऊन हा कार्यक्रम पाहत असतात, हे गृहीत धरावे.

घर बंद करताना

टपाल वळवण्याची सोय टपाल कार्यालयाकडे अर्ज करून करता येते. पाण्याचा मुख्य नळ बंद करावा, गवत कापणाऱ्याला सांगून ठेवावे, घराच्या विम्यात घर सलग किती दिवस रिकामे राहिलेले चालते ते वाचावे. कॅराव्हॅनची नोंदणी आणि विमा वेगळा असतो. रस्त्यावरील मदतीच्या योजनेत कॅराव्हॅन धरली आहे का आणि किती किलोमीटरपर्यंत ओढून नेतात, हे विचारून घ्यावे.

रस्त्यावर

निघण्यापूर्वी दोघांनी मिळून एक फेरी मारावी: जोड बसला आहे, साखळ्या लावल्या आहेत, दिवे चालतात, पायरी आत आहे, टेकू वर आहेत, छताची झडप बंद आहे, गॅस बंद आहे. हे तोंडपाठ म्हणू नये, कागदावर लिहून वाचावे. पोर्ट ऑगस्टाच्या अलीकडे आमची झडप उडाली, तेव्हा हा क्रम मला तोंडपाठ होता. चाके नुकतीच काढून बसवली असतील, तर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. कॅराव्हॅन चालू असताना तिच्यात कोणीही बसायचे नसते. ते बेकायदा आहे, आणि नातवंडे हट्ट करतात म्हणून इथे नोंदवतो.

स्टुअर्ट हायवेवर तुमच्याहून लांब वाहने भेटतील. तीन-चार डबे जोडलेल्या 'रोड ट्रेन' ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. ती मागून आली, तर घाबरून कडेच्या मातीत उतरू नये. आपल्या मार्गिकेत वेग स्थिर ठेवावा आणि ती ओलांडू लागली, की किंचित कमी करावा. यूएचएफ रेडिओवर, म्हणजे गाडीगाडींत बोलण्याच्या रेडिओवर, ४० क्रमांकाच्या वाहिनीवर ट्रकचालक बोलतात आणि १८ क्रमांकावर कॅराव्हॅनवाले. 'पुढे जा, रस्ता मोकळा आहे' एवढे वाक्य ४० वर बोललात, तरी ट्रकवाला दुवा देतो. साडेसात मीटर किंवा त्याहून लांब वाहनांनी शहराबाहेर दुसऱ्या लांब वाहनामागे ६० मीटर, आणि रोड ट्रेनच्या भागात २०० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. कॅराव्हॅनवाले सर्वाधिक मोडतात तो हाच. नॉर्दर्न टेरिटरीत काही ठिकाणी वेगमर्यादा १३० असली, तरी ती आपल्यासाठी नाही. आम्ही ९० च्या वर जात नाही आणि त्यामुळे डिझेलही वाचते. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून त्या वेळी गाडी उभी असावी.

पंपांमधली अंतरे मोठी आहेत. ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी या सुमारे २५० किलोमीटरांत एकही पंप नाही. कॅराव्हॅन ओढताना १०० किलोमीटरला १५ ते २० लिटर डिझेल लागते आणि समोरून वारा असला, तर त्याहून जास्त. भटकंती धरून १०,००० किलोमीटर आणि १७ लिटर सरासरी मानली, तर १,७०० लिटर होतात. लिटरला दोन डॉलर धरले, तरी ३,४०० डॉलर बाजूला ठेवावे लागतात, आणि आडरस्त्यावरच्या रोडहाउसमध्ये, म्हणजे पंप असलेल्या थांब्यावर, दोन डॉलरमध्ये लिटरभर मिळेल, या भरवशावर राहू नये.

राज्यांच्या सीमांवरील नियम आपल्या मंडळींना विशेष जाचतात. फळमाशीच्या भीतीने साउथ ऑस्ट्रेलियात ताजी फळे आणि टोमॅटो, वांगी, मिरच्या यांसारख्या फळभाज्या नेता येत नाहीत. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तर मधही चालत नाही. काही ठिकाणी तपासणी नाका असतो, काही ठिकाणी फक्त टाकून देण्याचा डबा. दंड दोन्हीकडे होतो. सीमेच्या आदल्या दिवशी आम्ही उरलेल्या मिरच्यांचा ठेचा आणि वांग्याचे भरीत करून टाकतो, कारण शिजवलेल्या पदार्थांना अडवत नाहीत.

जाता जाता एक आठवण. या वाटेवरून प्रथम दक्षिण-उत्तर खंड पार करून सुखरूप परतला तो जॉन मॅकडूअल स्टुअर्ट, १८६२ साली. त्याच सुमारास मेलबर्नहून निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या १८६० च्या मोहिमेसाठी उंट आणि उंटवाले कराचीहून जहाजाने आणले होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. पुढे अनेक दशके वाळवंटातील मालवाहतूक या उंटांच्या तांड्यांवर चालली. 'कॅराव्हॅन', म्हणजे मुळात वाळवंटातील तांडा, हा शब्द इथे आपल्यापेक्षा त्यांना अधिक शोभतो.

मुक्कामी पोहोचल्यावर

क्रम चुकवू नये. प्रथम जागेभोवती पायी फिरून नळ, विजेचा खांब आणि वरच्या फांद्या पाहाव्यात. कॅराव्हॅन आत घेतल्यावर डावी-उजवी पातळी आधी साधावी. त्यासाठी खालच्या बाजूच्या चाकाखाली प्लास्टिकची उतरती पट्टी घालून तिच्यावर कॅराव्हॅन चढवायची असते, आणि हे गाडी जोडलेली असतानाच शक्य असते. मग चाकांना अडसर लावावेत, आणि त्यानंतरच गाडी सोडवावी. पुढचे छोटे चाक फिरवून पुढची-मागची पातळी साधावी आणि शेवटी चार कोपऱ्यांचे टेकू खाली घ्यावेत. टेकू डगडग थांबवण्यासाठी असतात, वजन उचलण्यासाठी नाहीत; त्यांच्यावर कॅराव्हॅन उचलली, की ते वाकतात आणि दारे अडकू लागतात.

कॅराव्हॅनची वीजजोडणी १५ अँपिअरची असते आणि तिची एक पिन मोठी असल्याने ती घरातल्या साध्या बोर्डात बसत नाही. पिन घासून बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, सांडपाण्याची वेगळी, आणि दोन्ही एका पेटीत ठेवू नयेत. रस्त्यालगतच्या विश्रांतिस्थळी फुकट मुक्काम करता येतो, बहुतेक ठिकाणी २४ तासांपर्यंत. तेथे सौरपट्टी आणि बॅटरीवर भागवावे लागते. कॅराव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे पैसे देऊन मुक्काम करायच्या तळावर, विजेसह जागेला रात्री साधारण ४० ते ७० डॉलर पडतात. आमचा परिपाठ तीन रात्री बाहेर आणि चौथी पार्कमध्ये, कपडे धुण्यासाठी, असा आहे.

शौचकुपाची पेटी रिकामी करणे हे काम टाळता येत नाही, म्हणून ते आधीच वाटून घ्यावे. ती फक्त 'डम्प पॉइंट' लिहिलेल्या ठिकाणी ओतावी, रस्त्याकडेच्या खड्ड्याच्या शौचालयात कधीही नाही, कारण त्यातील रसायनाने तेथील जिवाणू मरतात. हातमोजे घालावेत, दोनदा विसळावी आणि तेथील नळाचे पाणी पिण्यासाठी भरू नये. पेटी भरल्याचा लाल दिवा लागेपर्यंत वाट पाहणारा माणूस ती चूक एकदाच करतो.

स्वयंपाक

तीन लिटरचा कुकर, एक ॲल्युमिनियमची कढई, एक हलका तवा आणि मिसळणाचा डबा, एवढ्यावर अडीच महिने निघतात. घरूनच भाजण्या, मेतकूट, गोडा मसाला, सुके खोबरे आणि कडधान्ये न्यावीत. मोठ्या शहरांच्या दुकानांत तूरडाळ मिळते, पण कूबर पेडी ते कॅथरीन या टप्प्यात मिळेल, असे गृहीत धरू नये. मोड आणायला गाडीतली ऊब छान असते: रात्री भिजवलेली मटकी सकाळी फडक्यात बांधून मागच्या आसनावर ठेवली, की दुसऱ्या मुक्कामाला उसळ तयार. फोडणी आणि तळण आत करू नये. वास गादीत शिरतो आणि सप्टेंबरपर्यंत निघत नाही. मंडपाखाली बाहेरची शेगडी लावावी. बहुतेक पार्कांत विजेचा सार्वजनिक तवा असतो. त्यावर आधी काय भाजले गेले असेल याचा विचार सतावत असल्यास बेकिंगचा कागद पसरून त्यावर थालीपीठ लावावे. लोक वास घेत जवळ येतात आणि ओळखी होतात.

शेजार

दिवस लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. सातला किटली, दहाच्या आत जागा सोडण्याची घाई, दुपारी नव्या मंडळींचे आगमन आणि चार-साडेचारला 'हॅपी अवर'. जो तो आपली खुर्ची, आपला पेला आणि तोंडात टाकायला काही घेऊन गोलात येतो. मद्य घेतलेच पाहिजे असे नाही. चहाचा मग चालतो, आणि चकलीचा डबा तर फारच चालतो. बोलणे ठरलेले असते: कुठून आलात, कुठे निघालात, पुढचा रस्ता कसा आहे, डिझेल कुठे स्वस्त. एकमेकांची नावे दोन दिवस विचारली जात नाहीत, कधी कधी शेवटपर्यंत नाहीत, आणि पूर्वी काय नोकरी केली हा प्रश्न तर जवळजवळ असभ्य मानतात. आपल्याला हे सुरुवातीला कोरडे वाटते. मला आता ते सुखाचे वाटते. अंधार पडला, की गोल मोडतो आणि साडेआठपर्यंत सगळीकडे निजानीज होते.

संकेत थोडेच आहेत, पण ते पाळावेत. दुसऱ्याच्या जागेतून आडवे जाऊ नये. सगळे मैदान मोकळे असताना एखाद्याला खेटून गाडी लावू नये. जनरेटर संध्याकाळनंतर बंद. मोबाइलवर मोठ्याने बोलण्याची आपली सवय इथे पातळ भिंतींतून चार घरे जाते. समोरून येणारा कॅराव्हॅनवाला स्टिअरिंगवरचे एक बोट उचलतो, त्याला बोट उचलूनच उत्तर द्यावे. धुण्याच्या खोलीत एक फळी असते; एक पुस्तक ठेवून दुसरे न्यायचे, असा तेथील रिवाज आहे. जुलैत अनेक पार्कांत 'ख्रिसमस इन जुलै' साजरा होतो, कारण खऱ्या नाताळात इथे उन्हाळा असतो. त्याच्या आगेमागे आषाढी एकादशी येते, आणि एके वर्षी आमची साबुदाण्याची खिचडी त्या पंगतीत गेली होती.

उत्तरेत करण्यासारखे खूप आहे. मॅटरँकाच्या ३४ अंशांच्या नैसर्गिक कुंडात सकाळी सातला उतरावे, नंतर गर्दी होते. डार्विनला मिंडिल बीचचा बाजार गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी भरतो. लिचफिल्डच्या धबधब्यांखाली पोहता येते, मात्र पाटी वाचूनच. खाऱ्या पाण्यातील मगरी गोड्या पाण्यातही येतात. मासे पकडण्यासाठीसुद्धा काठाशी उभे राहू नये आणि मुक्काम पाण्यापासून किमान ५० मीटर दूर असावा.

तब्येत

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधांच्या इलेक्ट्रॉनिक चिठ्ठ्या मोबाइलवर घ्याव्यात, म्हणजे कोणत्याही गावातील औषधांच्या दुकानात त्या चालतात. मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत, रुग्णवाहिकेचा खर्च धरलेला नसतो. त्याचे सभासदत्व किंवा विमा वेगळा घ्यावा आणि दुसऱ्या राज्यात तो लागू आहे का, ते तपासावे. भारतातून आलेले नातलग बरोबर असतील, तर त्यांना मेडिकेअर मिळतच नाही, त्यामुळे त्यांचा प्रवासी वैद्यकीय विमा नसल्यास कूबर पेडीच्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आडरानात मदतीला १९२८ साली सुरू झालेली फ्लाइंग डॉक्टर सेवा विमानाने येते, पण तिला कळवायला संपर्क हवा. टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीचे जाळे त्यातल्या त्यात दूरवर पोहोचते, तरी मधले शेकडो किलोमीटर निःशब्द असतात. उपग्रहाला संकटाचा संदेश पाठवणारे छोटे उपकरण घेऊन ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ॲथॉरिटीकडे त्याची विनामूल्य नोंदणी करावी. ते दोघांनाही वापरता आले पाहिजे. तसेच दोघांनाही कॅराव्हॅन ओढत किमान पन्नास किलोमीटर गाडी चालवता आली पाहिजे. ज्या जोडप्यात एकच चालक असतो, त्यांची कंबर धरण्याचीही वेळ ठरलेली असावी लागते.

परतल्यावर

आम्ही गणपतीच्या आधी घरी असतो. तो बेत सोयीचाही आहे, कारण ऑगस्टअखेर दक्षिणेतली थंडी ओसरू लागलेली असते आणि उत्तरेत उकाडा चढू लागलेला असतो. कॅराव्हॅन अंगणात लावल्यावर मखराच्या गडबडीत तिला विसरू नये. पाण्याच्या टाक्या रिकाम्या कराव्यात, शौचकुपाची पेटी धुऊन झाकण उघडे ठेवून वाळवावी, गॅसच्या तोट्या बंद कराव्यात, बॅटरी भारित राहील अशी सोय करावी. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी, कारण दर दहा वर्षांनी त्याची तपासणी करून घ्यावी लागते आणि ती उलटली असल्यास कोणी भरून देत नाही. पिठाचे आणि डाळींचे डबे घरात आणावेत, नाहीतर उंदीर येतात. शेवटी फ्रीजचे दार घडी केलेला टॉवेल अडकवून अर्धवट उघडे ठेवावे. मिटून ठेवलेला फ्रीज पुढच्या मे महिन्यात उघडणाऱ्याला दिवसभर व्हिनेगरचे फडके हातात घेऊन बसावे लागते.